आगरातील झाड उतरविण्यासाठी हलके दोरसामान कसे निवडावे

गुहागर तालुक्यातील हेदवी व तिच्या आसपासच्या किनाऱ्यावरील गावांत नारळी-पोफळीची आगरे डोंगर आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीत वसलेली आहेत. आगरात जाण्यास बहुधा पायवाट किंवा पाखाडी असते, दोन्ही बाजूंस चिऱ्याचे गडगे असतात आणि माडाच्या सावलीतच कौलारू घर, गोठा व विहीर असते. अशा ठिकाणी यंत्राची गाडी पोचत नाही व उभे झाड एकदम पाडण्यास मोकळी जागाही मिळत नाही. म्हणून झाड शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी कापून दोराने खाली उतरवावे लागते. त्यासाठीचे सर्व सामान माणसाच्या डोक्यावरून न्यावे लागत असल्यामुळे ते हलके असावे अशी अपेक्षा स्वाभाविक आहे.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलेले तौक्ते चक्रीवादळ यांनंतर मोडलेली, कललेली व घरांवर रेललेली झाडे काढण्याचे काम कोकणात मोठ्या प्रमाणावर निघाले. अशा वेळी घाईघाईने जो दोर हाताशी असेल तो वापरला जातो. पुरेशा ताकदीचा नसलेला दोर तुटला म्हणजे कौले व पोफळी यांचे नुकसान होतेच, शिवाय वर चढलेल्या व खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. हलके सामान आणि कमकुवत सामान यांतील फरक प्रत्येक बागायतदाराने व ग्रामसेवेतील कार्यकर्त्याने समजून घेणे आवश्यक आहे.

ओंडक्याचे वजन आधी काढावे

दोर निवडण्यापूर्वी त्यावर किती भार येणार हे ठरविले पाहिजे. ओले लाकूड पाण्याइतके जड आहे असे धरल्यास हिशेब सोपा होतो. झाडाचा घेर फितीने मोजावा. घेर १ मीटर असेल तर १ मीटर लांबीच्या ओंडक्याचे वजन सुमारे ८० किलो भरते. घेर दुप्पट झाला की वजन चौपट होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १ मीटर लांबीच्या तुकड्याची वजने अशी धरावीत :

घेर ६० सें.मी. — २९ किलो
घेर ८० सें.मी. — ५१ किलो
घेर १०० सें.मी. — ८० किलो
घेर १२० सें.मी. — ११५ किलो
घेर १५० सें.मी. — १८० किलो

फांदी असल्यास तिच्या डहाळ्या व पाने यांचे वजन वेगळे मिळवावे.

दोरावर येणारा खरा भार

ओंडका स्थिर लोंबत असता दोरावर त्याच्या वजनाइतकाच ताण येतो. परंतु दोर झाडावर बांधलेल्या कप्पीवरून खाली घेऊन बुंध्याशी अडविला म्हणजे कप्पीवर दोन्ही बाजूंचा ताण पडतो व तेथील भार वजनाच्या जवळजवळ दुप्पट होतो. याहून महत्त्वाची गोष्ट हिसक्याची आहे. ओंडका थोडा जरी पडून मग अडला, तरी दोरावरील ताण वजनाच्या कित्येक पट होतो. शिवाय गाठ मारल्याने दोराची ताकद एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होते.

म्हणून पुढील नियम पाळावा. दोराची तुटण्याची ताकद गाठीमुळे निम्मी झाली असे समजावे. कप्पी ओंडक्याच्या वर असून तो अलगद उतरविता येत असेल तर ही निम्मी ताकद ओंडक्याच्या वजनाच्या किमान १० पट असावी. कप्पी कापाच्या खाली असून ओंडका पडून अडणार असेल तर ती किमान २० पट असावी.

उदाहरणार्थ, १२ मि.मी. जाडीच्या पॉलिएस्टर दोराची ताकद सुमारे २,२५० किलो असते, म्हणजे गाठीसह ती १,१२५ किलो धरावी. ८० किलोचा ओंडका वरच्या कप्पीवरून उतरविण्यास ८०० किलो ताकद हवी, ती या दोरात आहे. तोच ओंडका कापाच्या खालील कप्पीवर पडू दिल्यास १,६०० किलो हवी, ती त्यात नाही. येथे जाड दोर आणता येईल, परंतु ओंडका १ मीटरऐवजी अर्धा मीटर कापला तर वजन ४० किलो होऊन तोच दोर पुरतो. सामान हलके ठेवण्याचा पहिला उपाय हाच होय : दोर बारीक करण्याऐवजी ओंडका लहान करावा. चार काप अधिक घालावे लागतात, परंतु दोर, कप्पी व पट्टा हे सर्वच त्यामुळे हलके चालतात.

दोराची निवड

१२ मि.मी. जाडीच्या पिळाच्या दोराची ४० मीटर लांबीची वजने व ताकद साधारणतः अशी असते. विकत घेताना मात्र उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

पॉलिप्रॉपिलीन — २.६ किलो, २ टन
नायलॉन — ३.६ किलो, ३ टन
पॉलिएस्टर — ४.६ किलो, सव्वादोन टन
पोलादी तार — सुमारे २० किलो, ७ टन

काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात चांगला टिकत असला तरी त्याची ताकद या सर्वांहून फारच कमी असते. तो ओंडका उतरविण्यास वापरू नये. पॉलिप्रॉपिलीन सर्वांत हलके व स्वस्त आहे, मात्र ते उन्हाने लवकर झिजते आणि बुंध्यावर घासून तापल्यास सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. होडीवर वापरलेला जुना दोर आगरात आणण्याची प्रथा या कारणाने धोक्याची आहे. नायलॉन बळकट असून ताणला जातो, त्यामुळे हिसका सोसतो. परंतु त्या ताणामुळे ओंडका अपेक्षेपेक्षा खाली येऊन कौलांवर आदळू शकतो, आणि भिजल्यावर त्याची ताकद सुमारे दहा ते पंधरा टक्के घटते. पॉलिएस्टर कमी ताणते, ऊन व पाणी यांस टिकते आणि सुमारे २५५ अंशांपर्यंत वितळत नाही. थोडे जड असूनही उतरणीच्या दोरासाठी तेच योग्य ठरते.

अलीकडे डायनिमा या नावाने ओळखले जाणारे अतिबळकट पॉलिएथिलीनचे दोर मिळतात. ते वजनाने पॉलिएस्टरहून हलके व ताकदीने कित्येक पट असतात. तथापि ते जवळजवळ ताणत नाहीत, त्यांवर गाठ सरकते व सुमारे १५० अंशांना ते वितळतात. म्हणून ते उतरणीसाठी न घेता कप्पी बांधण्याच्या, टोके विणून पक्की केलेल्या पट्ट्यासाठी घ्यावेत. तेथे वजनाची बचत खरी उपयोगी पडते, कारण तो पट्टा चढणाऱ्याला अंगावर वर न्यावा लागतो.

कप्पी, पट्टा व कड्या

विहिरीच्या रहाटाची कप्पी या कामी वापरू नये. तिची ताकद लिहिलेली नसते व ती एक घागर ओढण्यास केलेली असते. ताकद कोरलेली, ॲल्युमिनियमच्या बाजूंची व दोर चाकावरून निसटणार नाही अशी बंद कप्पी घ्यावी. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान चौपट असावा. कप्पी व तिचा पट्टा यांची ताकद दोराच्या दुप्पट असावी, कारण तेथे भार दुप्पट पडतो. उघड्या आकड्याऐवजी पिन आवळता येणारे शॅकल वापरावे. किल्ल्या अडकविण्याच्या किंवा तंबूच्या कड्या कितीही हलक्या असल्या तरी त्या या सामानात मिसळू देऊ नयेत.

खालच्या गड्याने दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. शेजारच्या मजबूत झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन दोर सैल सोडत जावा व ओंडका एकदम न अडविता हळूहळू थांबवावा. त्याने हिसका पुष्कळच कमी होतो आणि सामानाचे वजन काहीही वाढत नाही. चढणाऱ्याचा स्वतःचा दोर व कमरपट्टा वेगळा असावा, आणि त्यावर कधीही ओंडका बांधू नये.

माडाची विशेष काळजी

आंब्याला वरची फांदी कप्पीसाठी मिळते, माडाला ती मिळत नाही. म्हणून माड उतरविताना कप्पी बहुधा कापाच्या खालीच येते व प्रत्येक तुकडा हिसका देतो. प्रथम नारळ व झावळ्या एकेक करून उतरवाव्यात, नंतर शेंडा व मग खोडाचे आखूड तुकडे करावेत. शेजारी उंच व निरोगी झाड असल्यास कप्पी त्यावर बांधणे अधिक चांगले.

सोंड्या भुंग्याने पोखरलेल्या माडाच्या खोडावर भोके, तपकिरी चीक व चावलेला भुसा दिसतो. असा माड आतून पोकळ असू शकतो, त्यावर कोणीही चढू नये. शेजारच्या झाडावरून दोर अडकवून तो जमिनीवरूनच ओढून पाडावा. पाडलेले खोड आगरात कुजत ठेवू नये, कारण त्यात गेंड्या भुंग्याची वाढ होते.

काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर

आंबा, फणस यांसारखी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत असल्यामुळे ती तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. जवळून विजेची तार जात असल्यास महावितरणकडून प्रवाह बंद करून घ्यावा. ओल्या दोरातून वीज उतरू शकते.

प्रत्येक वापरापूर्वी दोर हाताखालून सावकाश सरकवून पाहावा. तुटलेले धागे, कडक व चकचकीत झालेला भाग किंवा एखाद्या ठिकाणी बारीक झालेला पदर आढळल्यास तो दोर या कामातून बाद करावा. समुद्राची वाळू व खार दोरात शिरते, म्हणून काम झाल्यावर तो गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. पेट्रोल, तेल व बॅटरीचे आम्ल यांपासून तो दूर ठेवावा.

ग्रामसेवेतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी वाडीवाडीत बागायतदारांना एकत्र करून घेर मोजून वजन काढण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. एका घराला न परवडणारे सामान चार-पाच घरांनी मिळून घेतल्यास ते चांगल्या प्रतीचे घेता येईल. घेर मोजून आखूड कापलेला ओंडका व ताकद माहीत असलेला दोर एवढ्यावर दोन माणसांनी उचलून नेण्याजोग्या सामानात आगरातील बहुतेक झाडे सुरक्षितपणे उतरविता येतात.