सुटी झालेली जुनी मोटार : जोडावी कीं मोडींत द्यावी ?

खोलून ठेवलेली मोटार पडवींत वर्षानुवर्षें धूळ खात असल्याचें अनेकांच्या घरीं आढळते. आमच्या घरीं कैलासवासी वडील बंधूंची १९७० सालची फियाट अशीच पडून होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून निघणारी, व पुढें ‘पद्मिनी’ म्हणून प्रसिद्धीस आलेली ती हीच गाडी. दुरुस्तीस खोलली, आणि मिस्त्री मध्येंच गांव सोडून गेला. गतवर्षीं पुतण्यानें वडिलांची ही गाडी पुन्हां उभी करण्याचें मनांत घेतलें. पैसा मात्र विहिरीच्या खोदाईसाठीं राखलेला होता. तेव्हां आम्हीं दोघांनीं केलेल्या पाहणीचा क्रम येथें देतों.

प्रथम कागद. जमीन घेतांना आपण आधीं सात-बारा पाहतों, मग बांध. त्याचप्रमाणें नोंदणी-पुस्तकांतील इंजिनाचा व चासीचा नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशीं ताडावा. न जुळल्यास पुढें एक पैसाही घालूं नये.

दुसरा सांगाडा. या गाडीस खालीं वेगळी चौकट नाहीं. पत्र्याची काया हाच तिचा कणा होय. म्हणून तळाचा पत्रा व दारांखालच्या कडा टोचणीनें तपासाव्या. टोचणी आरपार गेली तर मोठा खर्च तेथेंच आहे असें समजावें.

तिसरें इंजिन. प्लग काढून भोकांतून थोडें तेल सोडावें, दोन दिवस थांबावें, मग क्रँक हातानें हलकेच फिरवावा. जोर करूं नये. अडकलेलें इंजिन बहुधा दुरुस्त होतें. परंतु हरवलेल्या कांचा, दिवे व पट्ट्या मिळवणें अधिक कठीण. यासाठीं सर्व भाग ताडपत्रीवर मांडून पंचनाम्याप्रमाणें यादी करावी.

चौथा कायदा. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांतील गाड्यांसाठीं २०२१ सालीं व्हिंटेज नोंदणीचे नियम झाले. त्यांत नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठेविली असून, अशी गाडी नित्याच्या वापरास नेतां येत नाहीं. अर्थात् शेतमाल वाहण्याची आशा धरूं नये.

आमचे नंबर जुळले, इंजिनही फिरलें. परंतु तळाची चाळण झालेली निघाली. पुतण्या दोन दिवस बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं म्हणाला, “काका, विहीरच खोदूं.” गाडी भंगारांत न घालतां, यादीसह, एका जाणकारास दिली.

ज्यांच्यापाशीं शिलकीचा पैसा आहे त्यांनीं हौस अवश्य करावी. पाण्याचा पैसा मात्र तींत घालूं नये.