स्वतःशी मैत्री आणि हप्त्याची वस्तू

शेजारच्या घरी मोठा टीव्ही आला की आपल्या घरातला धडधाकट टीव्ही एकाएकी जुना दिसू लागतो. मग कर्ज काढून नवा येतो आणि किराणा उधारीवर जातो. वस्त्यावस्त्यांतून फिरताना आम्ही हे पाहत आलो आहोत. लोक याला हाव म्हणतात. आमच्या मते पुष्कळदा ती हाव नसते, लाज असते.

ही लाज आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. मनुस्मृतीने शूद्राला धनसंचय नाकारला, चांडाळांना लोखंडाचे दागिने नेमून दिले. म्हणून तर १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडला आयाबहिणींना स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले. १९५० साली 'महाबोधी' मासिकातल्या लेखातही, धर्माने दारिद्र्याचा गौरव करू नये, असे त्यांनी बजावले. तेव्हा फ्रीज घेणाऱ्या बहिणीला संयमाचे धडे कोणी देऊ नयेत! भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत धन असणे आणि ते उपभोगणे ही दोन आहेतच. तिसरे मात्र कर्ज नसण्याचे आहे.

'मी कुणीच नाही' हे झाकायला आणलेल्या वस्तूची नवलाई चार दिवसांत ओसरते, हप्ता राहतो. १५,००० ची वस्तू १,५०० च्या बारा हप्त्यांनी घेतली तर १८,००० जातात. (आम्ही कारकून, हिशेब सुटत नाही.) मग माणूस स्वतःलाच शिव्या देतो, आणखी खचतो, आणि खचलेले मन पुन्हा दुकानाकडेच वळते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेची शास्त्रीय मांडणी केली, तीही बौद्ध विचाराच्या आधारे. चुकलो, हरलो तरी स्वतःशी मायेने वागावे. असे दुःख साऱ्यांनाच असते हे ओळखावे. आणि मनात काय चालले आहे ते न दडपता, न वाढवता पाहावे. स्वतःला मोठे समजण्याशी याचा संबंध नाही. तिथल्याच दोन संशोधक बाईंनी २००७ साली मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा-तेरा वर्षांच्या वयात स्वतःविषयीचा आदर घसरतो तशी वस्तूंची ओढ वाढते, आणि तो आदर सावरला की ओढ उतरते, असे त्यांना आढळले. बुटांसाठी हटून बसलेल्या पोराला रागावण्याआधी, वर्गात कोणी काय बोलले, हे विचारावे ते यासाठी.

आपल्याला हे परके नाही. तुला स्वतःहून प्रिय कोण, असे राजा पसेनदीने विचारले तेव्हा मल्लिका राणीने 'कोणीही नाही' असे सरळ सांगितले, आणि भगवंतांनी तिला चूक ठरवले नाही. ज्याला स्वतः प्रिय आहे त्याने दुसऱ्याला दुखवू नये, एवढेच ते म्हणाले. बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्गा'त मैत्रीभावना स्वतःपासूनच सुरू होते. आपण विहारात सर्व प्राणिमात्रांचे भले चिंततो, पण घरी आल्यावर स्वतःला 'नालायक' म्हणतो.

तेव्हा हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. त्या रात्री पाच मिनिटे शांत बसून, मला आज कशाची लाज वाटली, हे मनाला विचारावे, आणि जिवलग मैत्रिणीची समजूत काढावी तशी स्वतःची काढावी. सकाळीही वस्तू हवीशी वाटली आणि पगारात बसत असेल, तर खुशाल घ्यावी.