कडेवरचा उपचार

पाय लांब करून, त्यावर बाळाला पालथं घालून आजी तेल चोळते, तेव्हा तिच्या हाताला बरंच काही कळतं. मांड्या आवळलेल्या आहेत, मुठी सुटत नाहीत, पाचवा महिना लागला तरी बाळ मान धरत नाही. ती बोलूनही दाखवते. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘त्याचा बापही उशिराच चालला होता.’ तिथून पुढे महिने नुसते जात राहतात.

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं चुडावा हे परभणी जिल्ह्यातलं गाव. अशा गावातून लेकराला शहरात दाखवायला न्यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. म्हणून डॉक्टरांनीच अंगणवाडीपर्यंत यावं, या विचारावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम उभा आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. फिरत्या पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, असा नेम. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब, या चारही गोष्टी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत पाहायच्या. शंका आली की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी रचना आहे.

‘औषध कोणतं?’ हा आईबापांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आजारागणिक बदलतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत सापडली आणि गोळी सुरू झाली, तर मेंदूचं मोठं नुकसान टळतं. फिट येणाऱ्या दहांपैकी सुमारे सात जणांच्या फिट नियमित औषधाने थांबू शकतात. चप्पल हुंगवून काही होत नाही. सेरेब्रल पाल्सी मात्र औषधाने बरी होत नाही. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण आखडलेले स्नायू वाढत्या हाडांबरोबर पुरेसे वाढत नाहीत आणि सांधे वाकडे होत जातात. तिथे काम करायचं ते हातांनी, रोज.

हे काम कसं असतं, ते कडेवर घेण्यातून दिसतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणाऱ्या मुलाला दोन्ही हातांवर आडवं उचललं, की पाय जुळलेलेच राहतात, मान मागे पडते आणि त्याला नुसतं छत दिसतं. त्यालाच कंबरेवर, एक पाय पुढे नि एक मागे घेतलं, की मांड्या फाकतात, पाठ सरळ होते, हात मोकळे राहतात आणि माणसांचे चेहरे समोर येतात. थेरपिस्ट आईला शिकवतो ती पद्धत आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत. फरक एवढाच, की मूल ‘मोठं झालं’ म्हणून आता ती सोडायची नाही. आईच्या कंबरेला झेपेल तोवर चालू ठेवायची.

यंत्रणेची उणी बाजूही इथेच आहे. गाडी सहा महिन्यांनी येते आणि बाळाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने घडत असतो. दोन फेऱ्यांच्या मधला काळ आशाताई, अंगणवाडीताई आणि घरच्यांनाच सांभाळायचा असतो. बाळाने कधी काय करायला हवं, याची चित्रं माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेली आहेत. बहुतेक घरांत मात्र ते कार्ड फक्त लसीच्या दिवशी पेटीतून निघतं.

कार्ड पेटीत असलं तरी आजी दारातच बसलेली असते. ताईने वजन घेण्याआधी तिला एवढंच विचारावं : आंघोळ घालताना बाळ हाताला कसं लागतं?