नजरेचा अदमास : कोठें मानावा, कोठें नाहीं

बांधावर उभें राहून "हें पीक आठ आणे" असें एका दृष्टिक्षेपांत सांगणारे लोक प्रत्येक गांवीं असतात. वाफसा आला कीं नाहीं, हा बैल औताला कसा चालेल, आभाळ भरून आलें आहे तर पेरणी धरावी कीं थांबावें, हे निर्णय मनुष्य सावकाश विचार करून घेतोच असें नाहीं. पुष्कळदां निर्णय आधीं होतो व कारण मागाहून शोधलें जातें. यास कोणी अंतःस्फूर्ति म्हणतात, कोणी केवळ अटकळ म्हणून हंसतात. मानसशास्त्रज्ञांनीं या विषयाचा बराच शोध केला असून तो शेतकरीवर्गाच्या उपयोगाचा आहे, म्हणून येथें मांडीत आहोंत.

प्रथम बुद्धिबळाचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील चेस व सायमन या दोन विद्वानांनीं इ. स. १९७३ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावांतील मांडणी पांच सेकंद दाखविली असतां निष्णात खेळाडूस बहुतेक सोंगट्यांच्या जागा आठवत; नवख्यास थोड्याच आठवत. परंतु त्याच सोंगट्या पटावर कशाही विखुरल्या तेव्हां निष्णाताचें श्रेष्ठत्व जवळजवळ नाहींसें झालें. म्हणजे त्याची स्मरणशक्ति दैवी नव्हती. हजारों डाव खेळून ओळखीच्या झालेल्या आकृति तो क्षणांत ओळखीत होता, इतकेंच.

काळ्या जमिनीचा वाफसा ओळखणारा शेतकरी याच जातीचा निष्णात होय. तो माती मुठींत दाबून गोळा करितो, खालीं टाकून फुटतो कसा हें पाहतो, आणि पुढें पुढें तर नुसतें शेतांत पाऊल टाकूनच सांगतो. त्याचा निर्णय चुकला तर औत घातल्याबरोबर ढेकळें निघतात किंवा माती फाळास चिकटते. चुकीचें उत्तर त्याच दिवशीं मिळतें, आणि असे प्रसंग वर्षांतून अनेक वेळां येतात. अशा ठिकाणीं नजर तयार होते. तिच्याशीं पुस्तक घेऊन वाद घालणें व्यर्थ आहे.

परंतु सर्व नजरा अशा तयार होत नाहींत. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत मक्याच्या कणसांचीं प्रदर्शनें भरत. दाण्यांच्या ओळी सरळ, शेंडा भरलेला, आकार एकसारखा, अशा कणसांस बक्षीस मिळे, आणि तेंच बियाणें उत्तम असें सर्वजण धरून चालत. हेन्री वॉलेस नांवाच्या मुलानें, जो पुढें त्या देशाचा शेतकीमंत्री व उपाध्यक्ष झाला, इ. स. १९०४ मध्यें अशीं कणसें वेगवेगळीं पेरून पाहिलीं, तों रूपाचा क्रम व उत्पन्नाचा क्रम जुळेना. पुढें इ. स. १९२३ मध्यें त्यानें परीक्षकांनीं दिलेले गुण आणि त्याच कणसांपासून आलेलें उत्पन्न यांचा गणितानें ताळा घेतला. परीक्षकांचे गुण परस्परांशीं बरेच जुळत होते. उत्पन्नाशीं मात्र फार थोडे. कणसाची लांबी त्यांच्या डोळ्यांत विशेष भरत असे. चार जाणत्यांचें एकमत झालें म्हणजे तें खरें असलेंच पाहिजे, ही आपली समजूत येथें उघडी पडते. चौघांची शाळा एकच असली कीं चौघांची चूकही एकच असते! परीक्षक बक्षीस देऊन घरीं जात. त्या कणसाचें पुढें काय झालें हें त्यांस कोणी कळवीत नसे.

आमचा स्वतःचा पेशा महसूल खात्यांतला. पैसेवारीचीं पत्रकें आम्हीं पुष्कळ उतरलीं आहेत, व हिरव्यागार ज्वारीस मोठा आंकडा आणि मळणीस रिकामें खळें हा प्रकारही पाहिला आहे. डोळ्यास विचारावयाचें असतें दाण्याविषयीं. तो उत्तर देतो पाल्याविषयीं. त्यांत स्वार्थ मिसळला म्हणजे काय होतें याचें मोठें उदाहरण इ. स. १९१८ चा खेडा सत्याग्रह. तो जिल्हा तेव्हां मुंबई इलाख्यांत होता. पीक चार आण्यांहून कमी असल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा असा नियम होता. रयत म्हणे चार आण्यांहून कमी. सरकारी अंमलदार म्हणत अधिक. शेवटीं ज्यांस ऐपत आहे त्यांनीं सारा भरावा, गरिबांचा तहकूब राहावा, अशी तोड निघाली. पीक खरोखर किती आणे होतें हा प्रश्न तसाच राहिला.

या अडचणींतून मार्ग काढणाऱ्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे एक. इ. स. १९४० नंतरच्या दशकांत त्यांच्या देखरेखीखालीं पीककापणीची नवी पद्धति चालू झाली. शेत चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवडावयाचें, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आंखावयाचा, कापून, मळून, तोलून आंकडा लिहावयाचा. तुकडा निवडतांना कोणाची आवड चालत नाहीं, यांतच तिची मातबरी आहे.

कानेमन व क्लाइन या दोन विद्वानांचीं मतें या विषयांत परस्परविरोधी समजलीं जात, त्यांनीं इ. स. २००९ मध्यें एकत्र लेख लिहून दोन अटी मान्य केल्या. विषयांत कांहीं नियमितपणा पाहिजे, आणि चूक-बरोबर कळून शिकण्यास पुरेशी संधि पाहिजे. आपला भरंवसा किती, ही अट त्यांत नाहीं.

पेरणीस हा निकष लावून पाहा. मनुष्य जन्मांत फार तर चाळीस मृग पेरतो, आणि प्रत्येक मृग निराळा. एक जोराची सर पाहून झालेला निर्णय कितीही ठाम वाटला तरी तो वाफशाच्या निर्णयाच्या तोडीचा नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून कोरडवाहू पेरणी करूं नये असें शेतकी खातें सांगतें, तें याचसाठीं. दुबार पेरणीचें बियाणें फुकट येत नाहीं. जनावरांच्या बाजारांतही तसेंच. दलाल एका हंगामांत जितके बैल पाहतो तितके आपण आयुष्यांत पाहत नाहीं. त्याची नजर तयार, आपली अर्धवट. आणि "आत्तांच बोला, गिऱ्हाईक उभें आहे" ही घाई तोच करितो. तेथें बैल चालवून, जुंपून, दांत पाहून, एक रात्र मध्यें जाऊं देऊन मग बोलावें.

आपली नजर कोणत्या कामीं तयार आहे हें पाहण्यास खर्च नाहीं. पीक दाण्यावर आलें म्हणजे एकरीं किती पोतीं होतील तें तारीख घालून खातेवहीच्या मागल्या पानावर लिहावें. मळणीनंतर खरा आंकडा त्याच ओळींत लिहावा. घरांतील जाणत्या मंडळींचेही अदमास निरनिराळे, एकमेकांस न दाखवितां, लिहून घ्यावे. रब्बी ज्वारीपासून सुरुवात करणें सोयीचें पडेल.