कपड्याचा धूर (भाग 6) : मलिहाबादचा टाका आणि ब्रँडचा शब्द

मलिहाबाद म्हटलं की दशहरी आंबा आठवतो. लखनौजवळच्या याच आमराईंच्या गावांत आणि शेजारच्या काकोरीत बायका घरी बसून चिकनकारी करतात. लखनवी चिकनला 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालं. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालायला सुई, दोरा आणि उजेड पुरतो. वीज लागत नाही.

मग चिकनच्या कुर्त्याचा कार्बन येतो कुठून? मागच्या भागात उत्सर्जनाचे तीन कप्पे पाहिले : कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज, आणि पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतचं बाकी सगळं. कपड्यांच्या धंद्यात जवळपास सगळा भार तिसऱ्या कप्प्यात असतो. चिकनचंही तसंच. सुती कापडामागे कापसाची खतं, सूतगिरणीची वीज आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधला वाफेचा बॉयलर असतो. कापड पॉलिस्टर जॉर्जेट असेल, तर धागाच खनिज तेलातून येतो. भरतकाम झाल्यावर नक्षीच्या छपाईचा कच्चा निळा रंग काढायला धुलाई होते. त्यात पाणी आणि रसायनं खर्ची पडतात. दुकानात एलईडी दिवे लावले, तरी यातलं काहीच हलत नाही.

म्हणून ब्रँडचं वचन वाचताना मी आधी दोन गोष्टी पाहते. तिसरा कप्पा त्यात आहे का? आणि घट एकूण उत्सर्जनात आहे की नगामागे? नगामागे 30 टक्के घट झाली आणि कपडे दुप्पट विकले, तर एकूण धूर 40 टक्क्यांनी वाढतो. एच अँड एमने 2019च्या तुलनेत 2030पर्यंत एकूण उत्सर्जन 56 टक्के कमी करायचं ठरवलं आहे आणि त्यात तिसरा कप्पाही धरला आहे. आवारात कोळशाचा बॉयलर असलेले नवे पुरवठादार घेणं या कंपनीने 2022मध्ये थांबवलं. अशी अट मला टक्केवारीपेक्षा मोलाची वाटते, कारण ती थेट बॉयलरपर्यंत पोचते. पण जुन्या पुरवठादाराने बॉयलर बदलायचा खर्च कुठून काढायचा? ब्रँडने तोच भाव आणि तीच घाईची मुदत ठेवली, तर तो खर्च खाली सरकतो आणि शेवटी नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिरिणीच्या पदरात पडतो. टॅगवर ‘पर्यावरणस्नेही हातकाम’ छापायचं आणि टाक्याचा दर मात्र वाढवायचा नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

कोळशाच्या धुराची किंमत या आंबापट्ट्याला चांगली ठाऊक आहे. वीटभट्ट्यांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंनी आंब्याचं टोक काळं पडतं. बागाइतदार त्या रोगाला ‘ब्लॅक टिप’ म्हणतात. डाग फळावरच दिसतो, त्यामुळे भट्टीवाल्याला जाब विचारता येतो. दूरच्या प्रोसेस हाउसमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड असा डाग सोडत नाही. तिथे कंपनीच्या अहवालावरच विसंबावं लागतं.

आपल्याकडे सेबीने 2022-23पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पहिले दोन कप्पे त्यात भरावेच लागतात. तिसरा मात्र ऐच्छिक आहे, आणि कपड्यांचा जवळपास सगळा हिशेब नेमका तिथेच आहे. हा कप्पाही सक्तीचा व्हायला हवा. त्यातले आकडे कसे मोजतात, ते पुढच्या आठवड्यात.