तुळशीचं लग्न आणि खो-खोचा मोसम

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं, की आपल्या मराठवाड्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याबाई, मावशी, शेजारच्या काकू, जी येईल ती एखाद्या मुलाचा फोटो काढून दाखवते. पूर्वी तो पिशवीतल्या पाकिटात असे, आता मोबाइलमध्ये असतो, एवढाच काय तो फरक! दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. याच दिवसांत, थोडं मागेपुढे, कॉलेजच्या मुलींचा खो-खोचा मोसम ऐन रंगात आलेला असतो.

म्हणजे इकडे विद्यापीठाच्या संघाची निवड, आणि तिकडे दिवाणखान्यात स्थळांची निवड. आणि दोन्हीकडे उभी असते ती एकच मुलगी.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्या हद्दीत येतात. त्याआधी इकडची कॉलेजं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. मोसमाची चाकोरी ठरलेली आहे. जून-जुलैत ॲडमिशन, पावसाळ्यात जमेल तसा सराव, मग कॉलेजा-कॉलेजांतले सामने, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, काही दिवसांचं शिबिर, आणि मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे पहिल्या चारांत नंबर लागला तर अखिल भारतीय स्पर्धा. फेब्रुवारी लागेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असतो.

पदवीची वर्षं तीन, फार तर चार. म्हणजे मुलीच्या वाट्याला मोसम आले तीन किंवा चार. त्यातला पहिला बावरण्यात जातो. मग राहिले किती, ते बोटांवर मोजावं.

आता हा मोसम घराच्या कॅलेंडरशी कसा पडतो ते पाहा. कॉलेजांचे सामने येतात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, आणि लातूर-नांदेडकडे तेव्हा असते सोयाबीनची काढणी. मजूर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, वर पावसाची धास्ती. अशा वेळी घरचं तरणंताठं माणूस हातात पांढरी चुन्याची फक्की घेऊन मैदान आखत बसलंय, हे बापाला पटवणं सोपं नाही. आणि खरं सांगायचं तर बापाचंही काही चुकत नाही. पीक वाट पाहत नाही. यातून मार्ग काढते ती बहुतेक घरांत आईच. "चार दिवस मी दोघींचं काम ओढते, तिला जाऊ द्या," हे वाक्य कुठल्या खेळाच्या पुस्तकात छापलेलं नसतं. पण कितीतरी मुलींचा मोसम या एका वाक्यावर उभा असतो.

लातूर शहरातली तऱ्हा निराळी. तिथे शेत आडवं येत नाही, तिथे क्लास आडवा येतो. 'लातूर पॅटर्न'चं नाव महाराष्ट्रभर झालेलं. बाहेरगावची मुलं-मुली खोल्या करून राहतात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास एके अभ्यास. अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलीचं मैदान सुटतं ते सुटतंच. शाळेत जिल्ह्यापर्यंत पोचलेली पोर बारावी होऊन येते तेव्हा दम गेलेला, पाठ वाकलेली, आणि चष्म्याचा नंबर वाढलेला! दिवसाचा एक तास पळाल्याने कुणाचे मार्क जात नाहीत, असं माझं तरी मत आहे. उलट रात्री झोप चांगली लागते. पण हे सांगायला गेलं की लोक आपल्याकडेच अशा नजरेने पाहतात, जणू आपण मुलीला पळवून न्यायला आलो आहोत!

आपल्यापैकी कितीतरी जणी शाळेत ओढणी खोचून खो-खो खेळल्या आहेत, त्यामुळे खेळ समजावून सांगायची गरज नाही. तरी कॉलेजातला खो-खो पाहिला नसेल तर एकदा आवर्जून पाहा. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद मैदान. आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने बसलेल्या, नववी पाठलागावर. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. म्हणून इथे नुसता वेग कामाचा नाही. समोरची आता काय करणार हे तिच्या खांद्याकडे पाहून ओळखावं लागतं. चांगली पळणारी तीन मिनिटं टिकली की टाळ्या पडतात. तीन मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण गॅसवर दूध ठेवून तेवढा वेळ एका जागी उभं राहून पाहा, म्हणजे तीन मिनिटं किती लांब असतात ते कळेल. इथे तर नऊ जणी पाठीवर असतात.

पारंपरिक नियमांप्रमाणे नऊ मिनिटं पळायचं, नऊ मिनिटं पाठलाग करायचा, असं दोनदा. छत्तीस मिनिटांत सामना संपतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत सुरुवातीचे सामने बाद पद्धतीचे असतात. दीड-दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास, उशाला बॅग, डब्यातल्या दशम्या वाळलेल्या, आणि पहिल्याच छत्तीस मिनिटांत हरलं की गाशा गुंडाळायचा. घरी आल्यावर शेजारणी विचारणार, "काय गं, जिंकलात का?" त्या वेळी आईने 'नाही' एवढं एकच उत्तर देऊन विषय मिटवावा. पोरीला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

धाराशिवची सारिका

आपल्या लातूरच्या शेजारी, धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) वाढलेली सारिका काळे. घरची परिस्थिती बेताची, आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं तिने स्वतःच पुढे वर्तमानपत्रांना सांगितलं आहे. २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. आणि त्याच वर्षी घरच्या अडचणींना कंटाळून तिने खेळ सोडायचंही ठरवलं होतं! तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि ती परत मैदानावर आली. पुढे तिला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी मिळाली. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल बावीस वर्षांनी आला होता.

मला यातलं पदकापेक्षा ते 'सोडायचं ठरवलं होतं' जास्त महत्त्वाचं वाटतं. सुवर्णपदक मिळवलेल्या कर्णधाराची ही गत, तर जिल्ह्याच्या कॉलेजात खेळणाऱ्या मुलीचं काय होत असेल? ती सोडते तेव्हा समजूत घालायला कुणी येत नाही. वर्तमानपत्रात बातमीही येत नाही. दुसऱ्या वर्षी संघाच्या फोटोत ती नसते, एवढंच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. धाराशिवची अश्विनी शिंदेही त्या संघात होती. म्हणजे आपल्या भागातल्या मुलींच्या अंगात काही कमी नाही. कमी पडतं ते दुसरंच.

तो विश्वचषक मॅटवर झाला. मोठ्या स्पर्धा आता बहुधा मॅटवरच होतात. आमच्याकडे सराव होतो मातीवर, तोही अनवाणी. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो जागीच धरला जातो आणि गुडघा मुरगळतो. मुलींच्या गुडघ्याचे स्नायुबंध मुलांपेक्षा लवकर दुखावतात, हे डॉक्टरही सांगतात. म्हणून निवड झाली की निदान आठवडाभर तरी बूट घालून सराव करू द्यावा. नवे करकरीत बूट थेट सामन्याला घालू नयेत. वाक्य साधं आहे, पण फोड आलेल्या टाचेने पळून पाहिलेलीलाच ते पटेल!

बर्फावरच्या हॉकीचं नाव काही जणींनी ऐकलं असेल. भारताच्या मुलींनी जून २०२५ मध्ये आशिया चषकात ब्राँझपदक मिळवलं. त्यातल्या बहुतेक जणी लडाखच्या. तिकडे तळं गोठलं की मोसम सुरू, वितळलं की संपला. वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने. त्यांचा मोसम थंडीच्या हाती, आपल्या मुलींचा घरच्यांच्या मर्जीच्या हाती. थंडी निदान दरवर्षी ठरल्या वेळी येते.

डबा, औषध आणि शेवटची गाडी

आता आईने करायच्या गोष्टींकडे वळू या. पहिली गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं. खेळणाऱ्या मुलीला जिना चढताना धाप लागत असेल, तर 'आळशी झालीय' म्हणण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. महागडे डबे-पावडरी आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबाची फोड. लिंबामुळे जेवणातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र देऊ नये. चहाने ते लोह वाया जातं. पहाटे सरावाला जाताना उपाशीपोटी पाठवू नये. दोन खजूर किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू पिशवीत टाकायला अर्धं मिनिट लागतं. आणि संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार वगैरे उपास सामन्याच्या दिवशी आले, तर देव समजून घेतो. सासूबाईंनाही तसंच समजावून सांगावं.

गुडघे-कोपरं खरचटणार, ते गृहीत धरावं. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, माती राहू देऊ नये. चुना, कॉफी, चहापत्ती असलं काहीबाही दाबू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा झालंय हे आईच्या लक्षात असावं. पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नये. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं शेकावं, पाय उशीवर उंच ठेवावा. पाय टेकवतच नसेल तर हाडवैद्याकडे न नेता फोटो काढून घ्यावा.

पाळीचा विषय आपल्याकडे अजून कुजबुजत बोलतात. पाळीत खेळू नये असं काही नाही. झेपेल तेवढं जरूर खेळावं. प्रशिक्षक पुरुष असला की मुली सांगत नाहीत आणि पोटदुखी गिळून पळतात. म्हणून आईनेच पॅडची पिशवी, जास्तीची चड्डी आणि मापाची घट्ट अंतर्वस्त्रं बॅगेत भरावीत. बाहेरगावी संघाबरोबर बाई व्यवस्थापक आहेत की नाही, हेही विचारून घ्यावं. विचारल्याने कुणाला राग येत नाही, आणि आला तर येऊ द्यावा.

राहिला प्रश्न अंधाराचा. मार्गशीर्ष-पौषात सहा वाजले की अंधारतं, आणि खेड्यावरच्या मुलीची शेवटची एसटी तोवर सुटायच्या बेतात असते. घरचा विरोध बहुतेक वेळा खेळाला नसतो, या साडेसहाला असतो. सराव सकाळी ठेवता येतो का, एका वाटेवरच्या दोघी-तिघी मिळून जाऊ शकतील का, हे दोन-तीन आयांनी एकत्र जाऊन क्रीडा शिक्षकांशी बोललं तर पुष्कळदा मार्ग निघतो. एकटीदुकटी आई गेली तर तिला तक्रार म्हणतात. तिघी गेल्या की सूचना होते! मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीभाड्याची सबब निम्मी तरी कमी झाली.

आणि स्थळांचं काय? राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शेकडा बावीसच्या आसपास जणींची लग्नं अठरा पुरी होण्याआधीच झालेली, असं त्याच पाहणीत दिसलं. त्या हिशेबाने कॉलेजच्या मैदानापर्यंत पोचलेली मुलगी आधीच एक फेरी जिंकून आलेली असते. पाहुणे फेब्रुवारीनंतर आले तर काही बिघडत नाही. पाहायला येणाऱ्यांना 'सध्या स्पर्धा आहेत' असं सरळ सांगावं. एवढ्यावर जे परत फिरतील, त्यांच्या घरी पुढे तिचं काय होणार होतं, याचा अंदाज तिथेच येतो.

शेवटी कागदपत्रांचं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, वयातही सवलत आहे. मात्र प्रत्येक प्रमाणपत्र चालतंच असं नाही. कुठल्या स्पर्धेतला कितवा क्रमांक कुठल्या गटाच्या नोकरीला धरतात, हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारावं. प्रमाणपत्राची नंतर पडताळणीही होते. तेव्हा स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव दहावीच्या मार्कमेमोप्रमाणे आहे का ते तपासून घ्यावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवावं, झेरॉक्सचे दोन संच वेगळे. आणि लग्न ठरलंच, तर रुखवताच्या सामानात ही फाइल आधी घालावी. लग्नानंतर नाव बदललं तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला त्याच फाइलला जोडून ठेवावा, कारण जुन्या नावाची खेळाडू आणि नव्या नावाची उमेदवार एकच आहे, हे तिलाच कागदाने दाखवावं लागतं.