वाळवंटाकाठचा पेंग्विन

मे महिन्यात कळंबच्या एखाद्या रसवंतीवर पेंग्विनचा विषय काढला, तर लोक हसतील. पेंग्विन म्हणजे बर्फ, हे कार्टूनवाल्यांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. पण जुलै २०१६ मध्ये सोलहून मुंबईच्या राणीबागेत आलेले आठ पेंग्विन बर्फातले नव्हतेच. ते हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ घर पेरू-चिलीचा किनारा, जिथला पाऊस आपल्या मराठवाड्यापेक्षाही कितीतरी कंजूष. जमीन रखरखीत, पण शेजारचा समुद्र थंड प्रवाहामुळं गार आणि मासळीनं भरलेला. म्हणून हा पक्षी तिथं टिकला. अंडी घालायला तो समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जुन्या थरात बीळ उकरतो, नाहीतर कपार शोधतो.

राणीबागेत काचेला नाक लावून बघा: चोचीच्या बुडाशी गुलाबी, बिनपिसांची कातडी दिसते. अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. तरी मुंबईचा दमट उकाडा त्याला सोसायचा नाही, म्हणून तो वातानुकूलित कक्षात. १५ ऑगस्ट २०१८ ला तिथं पहिलं पिल्लू जन्मलं, पण आठवडाभरातच गेलं. २०२१ मध्ये जन्मलेला ओरिओ मात्र जगला.